गावाची दाढ

देवमनकाका फक्त डाव्या बाजूनं जेवायचे. भाकर असो, पुरणपोळी असो की लग्नातली बुंदी, घास तोंडात गेला की तो डावीकडेच वळायचा. उजवीकडे जायची त्याला परवानगी नव्हती. चहासुद्धा ते मान जरा डावीकडे कलवून प्यायचे. नव्या माणसाला वाटायचं, यांची मान आखडली आहे. एका लग्नात मुलाकडच्या एका मायाळू बाईंनी त्यांना मानेला चोळायला तेल आणून दिलं. काकांनी ते घेतलं, बाईंना हात जोडले आणि तेल गुडघ्याला लावलं.

"डावी बाजू पोटाची," ते सांगायचे, "आन उजवी गावाची."

उजवीकडे खाली, शेवटून दुसरी अशी त्यांची एक दाढ होती. आमच्या पिंपळगाव राजात आणि आजूबाजूच्या चार-सहा खेड्यांत कोणाचं धान्य वाळलं आणि कोणाचं नाही, हे ती दाढ ठरवायची. काका तीसेक वर्षं खामगावच्या बाजारात मापारी होते. काट्यावर पोती मोजायची आणि मोजण्याआधी मालात पाणी किती आहे ते बघायचं. त्या काळी यंत्रं नव्हती. दाणा दाढेखाली धरायचा आणि दाबायचा. फुटला तर वाळला, दबला तर ओला. एवढं तर आमच्याकडे कोणीही सांगेल. काका मात्र आकडा सांगायचे. कट्ट वाजलं तर बारा टक्के. नुसतं कट् वाजलं तर अकरा. आवाजाच्या शेवटी थोडा 'च' आला तर चौदा. आणि काहीच वाजलं नाही तर ते दाणा थुंकून म्हणायचे, "घरी ने आन पोराइले उसळ करून घाल."

चावण्याचा एक विधी होता. आधी पंखा बंद करायला लावायचे. मग डाव्या कानात बोट घालायचे, कारण डाव्या बाजूचं त्यांना ऐकायचं नसे. डोळे मिटायचे. ओट्यावरचे सगळे गप्प व्हायचे. मग दाणा फुटायचा. तो तळहातावर घेऊन, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढून ते फुटलेली कड बघायचे आणि आकडा सांगायचे. कोणी शंका काढली तर म्हणायचे, "दाना खोटं बोलत नाई. आपलं काम तोंड बंद ठिवून आयकाचं."

निवृत्त होऊन गावी आल्यावरही लोक येत राहिले. सोयाबीनच्या दिवसांत सकाळी सात वाजताच त्यांच्या ओट्यावर पाच-सात जण मुठी आवळून बसलेले असायचे. बायका पदराच्या टोकाला ज्वारी बांधून आणायच्या. काकू सहा वर्षांपूर्वी गेल्या, मुलगा पुण्याला कंपनीत. दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा आणि ओट्यावर काका.

इतकी वर्षं दाणे चावल्यावर माणसाला जगच टक्क्यांत दिसायला लागतं. काका माणसांनाही आकडे द्यायचे. मी कॉलेजात असताना ते माझ्याबद्दल वडिलांना म्हणाले होते, "दिन्या अजून सतराले आहे. वाळला नाई. कोठीत भरू नको, बुरशी येईन." मतं मागायला आलेला एक उमेदवार ओट्यावर वाकून गेला, तेव्हा त्याची पाठ वळताच म्हणाले, "वरून अकरा आहे. पोत्यात खालपर्यंत हात घालून पाहा लागते."

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगी बघायला मी काकांना घेऊन गेलो होतो. परत येताना एसटीत त्यांनी निकाल दिला. "पोरगी दहा आहे. कडक. तू अजून सतराच. दोघं एका पोत्यात ठिवले तं तेरा-साडेतेराले येता. जमते." या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. अजूनही भांडण झालं की सुनीता मला सुनावते, "मी दहाची होती. तुमच्या पोत्यात येऊन तेराची झाली."

इतपत वाचून कोणालाही काका आवडतील. पण मी लिहायला बसलो ते काका किती मजेशीर आहेत हे सांगायला नाही. ती दाढ माझ्यामुळे मोडली. ते सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल दुसरं काही लिहायचा मला अधिकार नाही, असं वाटतं.

मी गावातल्या शाळेत लिपिक आहे. वडिलांची तीन एकर जमीन आहे, ती सांभाळतो. घर काकांच्या घरापासून चौथं. शाळेतून आलो की चहा घ्यायचा आणि काकांच्या ओट्यावर जाऊन टेकायचं, ही सवय मला कधी लागली ते आठवत नाही. वडील गेले त्या वर्षी तर मी घरी कमी आणि तिथेच जास्त असायचो. बोलणं फारसं नसायचंच. काका सुतळी वळत बसायचे, मी रस्ता बघत बसायचो.

मागच्या वर्षी दसऱ्याच्या आधी माझं सोयाबीन निघालं. मला ते लगेच विकायचं होतं. काकांनी दाणा चावून सांगितलं, "चौदा. दोन दिवस ऊन दाखव." मला वाटलं, काका आता म्हातारे झाले. पोती भरली आणि बाजारात नेली. तिथल्या यंत्रानं चौदा दाखवले. व्यापाऱ्यानं पोती उलटी करायला लावली. घरी येताना मला स्वतःचा राग यायला हवा होता. आला तो काकांचा. माणूस बरोबर निघाला म्हणून त्याच्यावर चिडायचं, याला काय म्हणावं ते मला अजून सापडलेलं नाही.

त्याच आठवड्यात मी मोबाइलवरून ओलावा मोजायचं एक यंत्र मागवलं. डबीत मूठभर दाणे टाकायचे, झाकण लावायचं, बटण दाबायचं. आकडा समोर. यंत्र आलं आणि काकांकडे जायचं कारण संपलं, असं मी मनाला समजावलं. त्याआधी तिथे जायला कारण लागतं हे मला कधी सुचलंही नव्हतं.

तर मी ओट्यावर जायचं बंद केलं. रस्त्यात दिसले तर "काका, बरं आहे ना" म्हणायचं आणि सायकल पुढे काढायची. वर्ष गेलं. या सप्टेंबरात एक दिवस मधल्या सुट्टीत काका शाळेत आले. माझ्या टेबलाजवळच्या स्टुलावर बसले. बराच वेळ इकडच्या तिकडच्या फायली बघितल्या आणि मग आवाज खाली आणून म्हणाले, "दिन्या, थंड पानी लागलं का दाढ ठनकून राह्यली."

"कोनती? गावाची?"

"हाव. कोनाले सांगू नको. लोकाइचा भरोसा उडते. तू शिकलेला आहे म्हून तुले सांगतलं."

मी म्हटलं, डॉक्टरला दाखवू कधी तरी. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी हाक मारली. मी उठलो. परत आलो तेव्हा स्टूल रिकामं होतं.

पुढे पंधरा दिवसांनी मारुतीच्या पारावर विषय निघाला, दिनूभाऊचं मशीन खरं की काकांची दाढ खरी. लोक चेष्टेत बोलत होते. मी म्हटलं, "होऊन जाऊ द्या एकदा." रविवारी सकाळी पारावर चाळीसेक माणसं जमली. दहा जणांनी आपापल्या मालाच्या दहा मुठी आणायच्या असं ठरलं होतं. आधी काका आकडा सांगणार, मग मी यंत्र लावणार.

पहिल्या मुठीला काका म्हणाले तेरा, यंत्र म्हणालं तेरा. दुसरीला साडेअकरा, यंत्रानंही तेच दाखवलं. पाचव्या मुठीपर्यंत लोक आकडा ऐकण्याआधीच हसायला लागले. सातव्या मुठीला फरक पडला तो पाव टक्क्याचा. तेव्हा एक जण म्हणाला, "दिनूभाऊ, मशीनमधी बिघाड दिसते. काकाकडून दुरुस्त करून आना." सगळा पार हसला. काका हसले नाहीत. ते रुमालानं तोंड पुसत होते आणि दर दाण्यानंतर थोडं थांबत होते. का थांबत होते ते त्या चाळीस जणांत मला एकट्याला ठाऊक होतं.

दहावी मूठ माझी होती. मी शर्टाच्या खिशात घरून सोयाबीन आणलं होतं. कोठीमागच्या पत्र्याच्या डब्यात तीन वर्षांपासून पडलेलं, आटून बारीक झालेलं, छऱ्यासारखं टणक. माझा हिशेब असा की एवढं कोरडं सोयाबीन बाजारात कधी येत नाही, काकांच्या दाढेला त्याची ओळख नसणार, इथे ते चुकतील. एकदा तरी चुकतील. त्यांची दाढ दुखते हे मला माहीत होतं. हे वाक्य मी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

काकांनी दाणे तळहातावर घेतले. ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, थकले. त्यांनी कानात बोट घातलं, डोळे मिटले आणि दाणा दाढेखाली धरला.

आवाज सगळ्यांना ऐकू आला. तुरीची वाळकी काडी मोडावी तसा. काकांची मान खाली गेली. त्यांनी तोंड फिरवलं, रुमाल तोंडाला लावला, त्याची घडी घातली आणि खिशात टाकली. मग समोर वळले. डोळ्यांत पाणी होतं, आवाज मात्र साफ होता.

"नऊ."

मी यंत्र लावलं. नऊ पूर्णांक एक.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी तरी मारुतीपुढचा हार काढून काकांच्या गळ्यात घातला. मी पण टाळ्या वाजवल्या. रुमालाची घडी पडताना मी आत काय आहे ते बघितलं होतं. पांढरं होतं आणि सोयाबीनच्या दाण्यापेक्षा मोठं होतं.

त्यानंतर काकांनी उपास सुरू केले. आधी सोमवार धरला, मग गुरुवार, मग शनिवार. शेजारणीनं भाजी-भाकर दिली की म्हणायचे, आज चालत नाही. ताक आणि केळं यांवर दिवस काढायचे. आठवड्याचे पाच दिवस उपास व्हायला लागले तशी गावातल्या दोन म्हाताऱ्या त्यांच्या पाया पडून गेल्या. काकांनी त्यांना आशीर्वाद दिले. काय करणार.

पण गाल लपत नाही. हळूहळू सगळ्यांना कळलं की काकांची दाढ अर्धी गेली. कशी गेली ते काका सांगेनात. मग सल्ले सुरू झाले. कोणी लवंगेचं तेल दिलं, कोणी तुरटी. एक जण म्हणाला, ताबडतोब काढून टाका. दुसरा म्हणाला, "काढू नका. दाढ काढली का नजर जाते."

"ते वरच्या दाढेचं," पहिला म्हणाला. "ही खालची आहे."

"खालची काढली तं कान जाते."

हे काकांना पटलं. नजर गेली असती तर त्यांनी विचार केला असता, पण कान द्यायची त्यांची तयारी नव्हती.

पुण्याहून मुलाचा फोन आला. तो म्हणाला, इकडे या, जबड्यात स्क्रू बसवून नवा दात करतात. काकांनी फोन ठेवला आणि ओट्यावरच्यांना सांगितलं, "जबड्यात खुंटी ठोकतात म्हने. खुंटी ढोर बांधाले असते. खुंटी कधी आयकते का?"

मी त्या दिवशी ओट्याखाली रस्त्यावर उभा होतो. मी म्हटलं, "काका, खामगावले चाला. दाखवून तं घेऊ." ते लगेच उठले, जणू वाटच बघत होते.

खामगावची दातांची डॉक्टर तिशीतली मुलगी होती. चिखलीची. तिनं फोटो काढला, पडद्यावर लावला आणि समजावून सांगितलं. चीर मुळाकडे गेली होती. दोन रस्ते होते. एक, मुळातली नस साफ करून वर टोपी बसवायची. टोपी किती वर्षं टिकेल ते सांगता येत नाही, आणि कडक काही चावायचं नाही. दुसरा रस्ता, दाढ काढून टाकायची. तशीच ठेवायची मात्र नाही, पू होईल.

"टोपी बसवली तं आयकू येईन का?" काकांनी विचारलं.

"काका, तुम्हाला ऐकायला कमी येतं का?"

"कानानं नाई बाई. दाढेनं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी समजावलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दाबलेलं थोडंफार कळेल काका. पण दाणा नाही फोडायचा. एकसुद्धा नाही."

काकांनी खिशातून दोन दाणे काढले. "एक चावून पाह्य."

"मी?"

"हाव. सावकाश. आन आयक."

तिनं हातमोजे काढले, दाणा घेतला आणि खरंच चावला. थोडा विचार करून म्हणाली, "वाळलेलं वाटतंय. तेरा?"

काकांनी माझ्याकडे वळून मान डोलावली. "साडेबारा. पर हिच्या दाढेत आहे."

डॉक्टर हसली. मग काका बराच वेळ पडद्यावरच्या आपल्या दाढेकडे बघत बसले आणि म्हणाले, "बाई, हे गेली तं माह्याकडे कोन येईन?"

तिला वाटलं ते दिसण्याबद्दल बोलतायत. म्हणाली, "मागची दाढ आहे काका, कोणाला दिसतसुद्धा नाही."

"हाव," काका म्हणाले. "दिसत तं नाईच." आणि सोयाबीन निघाल्यावर ठरवू असं सांगून ते खुर्चीतून उतरले.

माझ्याजवळ तेव्हा बोलायची संधी होती. मी बोललो नाही. येताना एसटीत ते खिडकीशी बसले आणि मी पूर्ण वेळ तिकिटाची गुंडाळी करत राहिलो.

ठरवायला त्यांनी महिना घालवला. तोपर्यंत लोक मुठी घेऊन येतच होते आणि काकांना नाही म्हणता येत नव्हतं. ते दाणा डावीकडे धरायला लागले. पोटाच्या बाजूला हे काम कधी शिकवलेलंच नव्हतं. तरी आकडा सांगायचे, पूर्वीच्याच खात्रीनं. माझ्याकडे यंत्र होतं. मी जाऊन म्हणू शकलो असतो, काका, एकदा यात टाकून बघू. पण पारावरच्या त्या रविवारनंतर ते यंत्र मी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. स्वतःला शिक्षा करतोय असं वाटायचं मला. आता कळतं, तेव्हाही मी स्वतःचाच विचार करत होतो.

गणेश म्हणून एक तरुण पोरगा आहे आमच्या गल्लीत. बाप अंथरुणावर, सगळी शेती तोच बघतो. काकांनी त्याला सांगितलं, "बारा. भर पोते." त्यानं भरली. बाजारात यंत्रानं पंधरा दाखवले. माल उतरवून बाजाराच्या आवारात पसरावा लागला आणि गणेश तिथेच मुक्कामाला राहिला. गावात त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. फक्त घरी आईला फोन केला आणि आईच्या तोंडून ते काकांपर्यंत गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका घरी नव्हते. ते पहिल्या एसटीनं खामगावला गेल्याचं मला दुपारी कळलं. मी अर्धी रजा टाकून निघालो.

बाजाराच्या आवारात सिमेंटच्या ओट्यावर गणेशचं सोयाबीन पसरलं होतं. काका चपला काढून त्यातून चालत होते. पाय उचलायचे नाहीत, घासत न्यायचे, म्हणजे मागे सरी पडते आणि खालचा दाणा वर येतो. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग वळून परत. डोक्यावरून हनुवटीखालून मफलर बांधला होता. उजवा गाल लिंबाएवढा सुजला होता.

गणेश मला बघून म्हणाला, "दिनूकाका, तुमीच सांगा याइले. सकाळपासून बसले नाई. मी म्हनतो माहं मी करतो."

"माह्या तोंडानं ओलं राह्यलं," काका मफलरातून म्हणाले. "माह्या पायानं वाळवतो. तुहं काय जाते?"

मी चपला काढल्या आणि दुसऱ्या कडेनं पाय घासायला सुरुवात केली. समोरासमोर आलो की काका थोडं सरकून मला वाट द्यायचे. चार वाजेपर्यंत आम्ही तसे चालत होतो. मग अडत्याचा माणूस यंत्र घेऊन आला. गणेशनं सवयीनं दोन दाणे उचलून काकांपुढे धरले. काकांनी ते घेतले, बघितले आणि परत ढिगात टाकले.

"मशीन काय म्हनते?"

"बारा."

"मंग बारा."

त्यांनी चपला घातल्या, मफलर सोडून पुन्हा बांधला आणि मला म्हणाले, "चाल दिन्या. ते पोरगी दवाखान्यात बसली असंन का आता?"

डॉक्टरनं गाल बघितला आणि त्यांना चांगलं फैलावर घेतलं. सूज उतरायला पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सहाव्या दिवशी आम्ही परत गेलो. तिनं विचारलं, काय ठरलं, टोपी की काढायची?

"काढ," काका म्हणाले.

"टोपीचा प्रयत्न करून बघता येईल अजून. तुमची फार आवडती दाढ आहे ना?"

"टोपी लावली तं लोक मुठी आनतीनच. मले नाई म्हनता येत नाई बाई. सत्तर वर्षांत शिकलो नाई, आता कवा शिकू? पुन्हा कोनाचं तरी ओलं राहीन." आणि त्यांनी तोंड उघडलं.

पाऊण तास लागला. बाहेर आले तेव्हा तोंडात कापसाचा बोळा घट्ट धरलेला होता. डॉक्टरनं मला बजावलं, एक तास बोळा काढायचा नाही, थुंकायचं नाही, बोलायचं नाही. एसटीला वेळ होता. दवाखान्याखाली एका बंद दुकानाच्या पायरीवर आम्ही बसलो. काकांनी मनगट वर करून घड्याळ बघितलं आणि वेळ धरली.

आणि तिथे मी सगळं सांगितलं. डब्यातलं सोयाबीन. तीन वर्षांचं. दाढ दुखते हे माहीत असून आणलेलं. रुमालात काय होतं ते बघितल्याचं. टाळ्या वाजवल्याचं. यंत्र का घेतलं तेही. ओट्यावर यायचं का सोडलं तेही. मधेच काका काही बोलायला गेले तर मी म्हटलं, "बोलू नोका, डॉक्टरनं सांगतलं आहे." कबुली द्यायला मी वेळ कशी निवडली बघा. समोरच्याच्या तोंडात बोळा होता.

माझं बोलून झालं. काका रस्त्याकडे बघत होते. पंचवीस मिनिटं उरली होती, ती त्यांनी पुरी होऊ दिली. मिनिटकाटा जागेवर आला तसा त्यांनी बोळा काढला, कागदात गुंडाळला, उठून पुढच्या कचराकुंडीत टाकून आले आणि परत बसले. जीभ अजून जड होती.

"नऊचं सोयाबीन वावरातून येत नाई, दिन्या," ते म्हणाले. "डब्यातून येते. हातात घेतलं तवाच समजलं."

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "मंग चावलं कायले काका?"

"पारावर एवढे मानसं होते. मी म्हनलो असतो का हे जुनं आहे, दिन्यानं डब्यातून आनलं, तं तुहं काय राह्यलं असतं? शाळेत नौकरी करतं तू. उद्या तेच लोक पोराइचे दाखले न्याले तुह्याच टेबलापुढं येतीन."

"न चावता नऊ म्हनाचं होतं."

"तसं नाई करता येत." या बाबतीत ते जरा कडकच बोलले. मग हनुवटीवरून हात फिरवला. "आन दुसरी गोष्ट. मशीन आल्यापासून तू आला नाई. मीच एक दिवस तुह्या शाळेत आलतो, दाढेचं सांगाले. थंड पानी तं कोनाच्याही दाढेले लागते. त्या रविवारी तू आपून होऊन माह्यापुढं मूठ केली. मले वाटलं, आलं पोरगं."

एसटी आली. गर्दी होती. त्यांना जागा मिळाली, मी शेजारी उभा राहिलो. पिंपळगावला उतरून त्यांच्या घरापर्यंत गेलो. त्यांनी कुलूप काढलं, कडी सरकवली आणि दारातच वळले.

"उद्या येजो," ते म्हणाले. "हातात काई आनू नको."

"किती वाजता येऊ?"

"कवाई ये. मले कुठं जाचं आहे आता."